रात्री न गळणारी हवा

मधुकरराव मेश्रामांनी सायकलीच्या पुढच्या दोन नळ्यांपैकी डावी नळी अंगठ्याने दाबून पाहिली. ती दबली नाही.

"यात हवा?" ते म्हणाले. "चाकात हवा समजते मले. दांडीत कायची हवा?"

"आबाजी, हा एअर फोर्क आहे," पायल म्हणाली. "स्प्रिंगच्या जागी हवा भरते. खड्ड्यात गेली का हवा दबते, आन् हाताले झटका बसत नाही."

"एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं टायर सेक्शनले होतो मी," मधुकरराव म्हणाले. "हवा जिथं असते तिथून जाते. एवढं ध्यानात ठेव."

सायकल पायलची नव्हती. नंदनवनमधल्या तिच्या सायकल क्लबात डोंगरी शर्यतीला चालेल अशी सायकल एकच होती आणि रविवारच्या निवड शर्यतीला जाऊ शकणाऱ्या मुली दोन. चाचणीत पायल रितिकापेक्षा चार सेकंदांनी पुढे आली, म्हणून गुरुवारी संध्याकाळी सायकल तिच्या घरी आली. क्लबच्या प्रीतम सरांनी ती देताना दोन वाक्ये सांगितली होती. "तुझ्या वजनाले फोर्कात ऐंशी पौंड हवा भरून दिली आहे, ऐंशीच राहिली पाहिजे. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तपासीन, फोर्क ठीक नसला तर सायकल रितिकाची." सोबत एक छोटा पंपही दिला होता. त्याला वीतभर बारीक नळी होती आणि घड्याळासारखी गोल तबकडी.

पायलची आई माया कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. मे महिना असल्याने ती घरी होती, आणि तबकडी असलेली वस्तू समोर आली की तिला ती वाचल्याशिवाय राहवत नसे. तिने फोर्कच्या टोपणाखालच्या व्हॉल्व्हवर पंपाची नळी आटे फिरवून बसवली. काटा वर चढला आणि थांबला.

"पंच्याहत्तर," ती म्हणाली.

"सरांनी ऐंशी सांगितली होती," पायल म्हणाली.

मायाने नळी सोडवली. शेवटच्या आट्याला आवाज आला : फुस्स.

घरातल्या चौघांनीही तो ऐकला. चौथ्या म्हणजे पायलच्या आजी, कौसल्याबाई. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "गॅस लीक होऊन राहिला का वं?"

"नाही आई, सायकल," माया म्हणाली.

मधुकररावांचा दुसऱ्याने घेतलेल्या मापावर विश्वास नव्हता. त्यांनी चष्मा लावून स्वतः पंप जोडला. एकाहत्तर. नळी काढताना पुन्हा फुस्स. "पाहा! माया, तू पंच्याहत्तर सांगितली ना? दोन मिनिटांत चार गेली."

अर्ध्या तासाने पायलचे वडील प्रशिक विमा कार्यालयातून आले. सगळी हकिकत ऐकल्यावर त्यांनी बूट न काढताच विचारले, "पंप कुठं आहे?" सदुसष्ट. मग सगळ्यांनी मिळून ठरवले की काटा नीट वाचला गेला नसावा, म्हणून मायाने पुन्हा एकदा वाचला. त्रेसष्ट.

मायाने एक वही काढली. तिच्यात तीन रकाने आखले : वेळ, तापमान, दाब. एका तासात दाब ऐंशीवरून त्रेसष्टवर आला होता. याच गतीने मध्यरात्रीच्या आत तो शून्यावर यायला हवा होता. तिने तसे कोणाला सांगितले नाही, कारण पायल आधीच जमिनीवर बसून फोर्ककडे आजाऱ्याकडे पाहावे तशी पाहत होती.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता माया सर्वांत आधी उठली आणि पंप जोडला. एकोणसाठ.

ती काटा वाचून थांबली. तासाभरात सतरा गेली होती आणि दहा तासांत फक्त चार. तिने वहीत आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. असे प्रश्नचिन्ह ती विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये काढायची, स्वतःच्या वहीत सहसा काढायची नाही.

"रात्री गळत नाही," चहाच्या वेळी तिने सांगितले.

"काहून?" प्रशिकनी विचारले.

"तेच पाहायचं आहे."

"झोपली असन," कौसल्याबाई म्हणाल्या. "दिवसा तुम्ही तिले झोपू देता का?"

हे वाक्य मायाने विनोद समजून सोडून दिले. पुढे तिला याचे वाईट वाटले, कारण दोन दिवसांत घरात बोलले गेलेले सर्वांत शास्त्रीय वाक्य तेच होते.

तिने स्वतःचा तर्क मांडला तो तापमानाचा. नागपुरात दिवसा पंचेचाळीस आणि पहाटे एकतीस. उन्हात आतल्या रबरी कड्या ताणून सैल होत असतील आणि हवेला वाट मिळत असेल. रात्री त्या आवळत असतील. तर्क वाईट नव्हता. मधुकररावांनाही तो पटला. "टायरचंही तसंच राहते," ते म्हणाले. मायाने पंपाने दाब पुन्हा ऐंशीवर नेला, नळी सोडवली, फुस्स झाले, आणि सायकल बैठकीतल्या कूलरसमोर उभी करण्यात आली.

"आन् मी?" कौसल्याबाईंनी विचारले. ती जागा त्यांची होती.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, आई."

"मले घामोळं आलं आन् कूलर सायकलीले. लिहून ठेव वहीत."

दुपारपर्यंत कूलरची हवा खाऊनही दाब एकोणपन्नास झाला. माया चक्रावली. हवा भरल्यापासून तिने स्वतः तीनदाच मोजले होते, आणि तिच्या तीन आकड्यांमधले अंतर कुठे चार होते, कुठे चौदा. निसर्गात असे काही नियमाशिवाय होत नाही, हे ती अठरा वर्षे शिकवत आली होती. तिने गॅस सिलिंडरला लावतात तसा साबणाचा फेस व्हॉल्व्हभोवती लावून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही.

"साबणानं काय होते?" मधुकरराव म्हणाले. "पाण्यात बुडवा. रुपराव भाऊले बोलवा."

रुपराव भाऊंचे सायकल दुरुस्तीचे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते. संध्याकाळी प्रशिक कार्यालयातून परतल्यावर ते आले. त्यांनी फोर्कला चारी बाजूंनी पाहिले, टिचकी मारली, आणि आवाजावरून काहीतरी कळल्यासारखी मान हलवली.

"मॅडम, पंक्चर कोणाचंही असो, पाण्यात गेल्याशिवाय कबूल होत नाही. घमेलं आणा."

घमेल्यात फोर्क मावेना. बादलीत एकच नळी बुडेना. तेव्हा मधुकररावांचे लक्ष कूलरकडे गेले. त्याची टाकी घरातले सर्वांत मोठे भांडे होते. कूलर बंद झाला, एका बाजूची वाळ्याची जाळी निघाली, पुढचे चाक काढले गेले. मग प्रशिकनी सायकल मागून उचलून धरली आणि रुपराव भाऊंनी फोर्कचे दोन्ही पाय टाकीत सोडले.

"बुडबुडे!" मधुकरराव ओरडले. "पाहा, पाहा, कमानीच्या मागून येऊन राहिले!"

"खालूनही येऊन राहिले," प्रशिक म्हणाले.

"दोन नळ्या जोडणाऱ्या कमानीला मागून खाचा आहेत, खालचे बोल्ट पोकळ आहेत," माया म्हणाली. "पोकळ वस्तू पाण्यात घातली की तिच्यातली हवा बाहेर येतेच. गळती असेल तर बुडबुडे येत राहतील. थांबा, मी वेळ लावते."

बुडबुडे दीड मिनिटात थांबले.

"पाहा. गळत नाही."

"दाबून पाहा," रुपराव भाऊ म्हणाले. "दबल्याशिवाय नाही समजत."

"नको," माया म्हणाली, पण तोवर प्रशिकनी हँडलवर आपले शहात्तर किलो टाकले होते. फोर्क दबला आणि वर आला. आणखी बुडबुडे आले. रुपराव भाऊ म्हणाले, "अजून," आणि प्रशिकनी आणखी सात-आठदा दाबले. सायकल बाहेर काढल्यावर पायलने हँडल हलकेच खाली दाबले.

चुळूक, असा आवाज आला.

तिने पुन्हा दाबले. चुळूक, चुळूक.

"पाणी गेलं आत," पायल म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "आई, सरची सायकल आहे."

कूलरचे पाणी फरशीवरून कौसल्याबाईंच्या पायांकडे निघाले होते.

"उद्या सकाळी उघडू," रुपराव भाऊ खाली पाहत म्हणाले. "मी असा हवेचा कधी उघडला नाही, खोटं नाही बोलत. पण जे कोणी बसवलं ते निघते."

मायाने त्या फोर्कची कंपनीची पुस्तिका फोनवर शोधली आणि दोनदा वाचली. पाणी गेल्यास खालच्या नळ्या काढून पुसाव्यात, जुने तेल टाकून द्यावे, प्रत्येक नळीत दहा मिलिलिटर नवे तेल घालावे. तेवढे तेल रुपराव भाऊंकडे होते. मोटारसायकलींच्या फोर्कसाठी ठेवलेले ते तेल पुस्तिकेत मागितलेल्या दाटपणाचेच होते. शनिवारी सकाळी आठ वाजता अंगणात जुनी चादर पसरली गेली.

"पहिली पायरी," मायाने वाचले. "उघडण्याआधी फोर्कमधली सगळी हवा सोडून द्यावी."

मधुकरराव खुर्चीतून उठले. "सगळी?"

"सगळी, बाबा. दाब असताना उघडलं तर तुकडे उडतात."

"जिच्यासाठी दोन दिवस मरून राहिलो, जिच्यासाठी तुझ्या सासूचा कूलर नेला, ती सोडून द्याची?"

"हाव जी," रुपराव भाऊ म्हणाले आणि व्हॉल्व्हची पिन दाबली. हवा बराच वेळ जात राहिली. एवढी हवा गळक्या फोर्कमध्ये शिल्लक कशी, असा प्रश्न मायाला पडला, पण तेवढ्यात रुपराव भाऊंनी पाना मागितला.

खालचे दोन बोल्ट चार-चार आटे सैल केले. त्यांच्यावर रबरी हातोड्याने हलके ठोकले, तशा नळ्या सुटल्या. आतून चमचाभर पाणी आले, वाळ्याची एक काडी आली, आणि त्यांच्या मागून चहाच्या चोथ्यासारखे काळे तेल.

"हे काल गेलं नाही," रुपराव भाऊ तेल बोटावर घेऊन म्हणाले. "हे लय जुनं आहे. दोन वर्षांत कोणी हात नाही लावला याले."

नवे तेल मायाने औषधाच्या सिरिंजने मोजले. कौसल्याबाई हातात वाटी घेऊन आल्या होत्या. "जवसाचं चालते का? सांध्याले चांगलं असते."

"नाही, आई."

"यायले काही सांगाची सोयच नाही," म्हणत त्या वाटी घेऊन परत गेल्या.

साडेबारापर्यंत फोर्क बंद झाला. दाबला तर आता आवाज येत नव्हता, तो इतका सहज खाली जात आणि वर येत होता की रुपराव भाऊंनी स्वतःच पाच-सहादा दाबून पाहिला आणि कोणी विचारले नसताना सांगितले, "मख्खन." मायाने दाब मोजून ऐंशी केला. नळी सोडवली. फुस्स. सगळे जण दहा मिनिटे थांबले. मग तिने पंप पुन्हा जोडला.

पंच्याहत्तर.

पायलने भिंतीला पाठ लावली. "मी रितिकाले फोन करते. तिले आत्ताच सायकल घेऊन जाऊ दे. पाच वाजता सरच्या समोर देण्यापेक्षा बरं."

"थांब," माया म्हणाली.

"आई, चार सेकंद होते माझे. चारच. मी आता काय करू?"

"पाच मिनिटं थांब म्हटलं ना."

मायाने वही उघडली. ऐंशी, पंच्याहत्तर, एकाहत्तर, सदुसष्ट, त्रेसष्ट. रात्रभर थांबून एकोणसाठ. आत्ता पुन्हा ऐंशी, पंच्याहत्तर. दर वेळी साधारण तोच भाग कमी होत होता, मग मध्ये दोन मिनिटे गेलेली असोत की दहा तास. तिने वेळेच्या रकान्यावर बोट ठेवून तो झाकला. बाकीचे आकडे एकदम शहाणे दिसू लागले.

तिने पंप जोडला. एकाहत्तर. काढला, लगेच जोडला. सदुसष्ट. काढला, जोडला. त्रेसष्ट.

"काय करून राहिली वं?" प्रशिक ओरडले. "सगळी काढतेस का?"

"हो," माया म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मीच काढते. ही पंपाची नळी पाहा. जोडताना ती रिकामी असते. फोर्कमधली थोडी हवा नळीत येते, तेव्हा कुठे काटा हलतो. मग आपण नळी काढतो आणि नळीतली ती हवा बाहेर जाते. फुस्स होतं ते फोर्कचं नाही, नळीचं. फोर्क कधी गळलाच नाही."

"मंग हवा कोणं नेली?" मधुकररावांनी विचारले.

"ज्यानं ज्यानं मोजली त्यानं."

माया पेन काढून म्हणाली, "आता खरं सांगा. शुक्रवारी हवा भरल्यावर मी तीनदाच मोजलं. मला न सांगता कोणी कोणी पंप लावला?"

मधुकररावांनी आधी आकाशाकडे पाहिले. "सकाळी एकदा. आन् जेवणाआधी एकदा. बस."

"मी ऑफिसले जाताना एकदाच," प्रशिक म्हणाले.

"मी कापडानं पुसताना," पायल म्हणाली. "पण काटा वाचला फक्त."

रुपराव भाऊंनी घसा साफ केला. "काल पाण्यात घालाच्या आधी म्या एकदा लावला होता. आपलं काम आहे ना, मॅडम."

"आई?"

"मले काटा वाचता येत नाही," दारातून कौसल्याबाई म्हणाल्या. "भाजी आणाले जाताना नुसता लावला आन् काढला. सगळे लावत होते ना."

मायाने वहीत चौथा रकाना आखला : कोणी. शुक्रवारचे सगळे विचित्र आकडे त्या नावांनी भरून निघाले. तिने बेरीज दोनदा तपासली आणि तिचे समाधान झाले. मग तिच्या मनात आले की पाच वाजता प्रीतम सरही पंपच लावतील. फोर्कमध्ये बरोबर ऐंशी असेल, तर त्यांना पंच्याहत्तर दिसेल आणि सायकल रितिकाकडे जाईल.

"पंच्याऐंशी भरू," ती म्हणाली. "त्यांनी लावला की ऐंशी दिसेल. काढला की ऐंशीच उरेल."

"आन् तोपर्यंत?" पायलने विचारले.

"तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

पंच्याऐंशी भरली गेली. मधुकरराव साडेचारपर्यंत सायकलीसमोर खुर्ची टाकून बसले. कोणी लावू नये म्हणून बसलो आहे, असे त्यांनी सांगितले. मायाने मात्र पंप आपल्या पर्समध्ये घातला होता.

क्लबच्या मैदानावर ऊन अजून उतरले नव्हते. रितिका तिच्या वडिलांसोबत कडुलिंबाच्या झाडाखाली उभी होती, हेल्मेट आणलेले होते. पायलसोबत मेश्रामांकडून पाच माणसे आली होती, रुपराव भाऊंना धरून. प्रीतम सरांनी हँडल एकदा दाबले आणि भुवया वर केल्या.

"याची सर्व्हिस कोणं केली? दोन वर्षांपासून करीन करीन म्हणून राहिलो होतो मी."

रुपराव भाऊंनी मायाकडे पाहिले, मायाने पर्स उघडली.

"सर, पंप," म्हणत मायाने पर्समधून पंप काढून पुढे केला.

"पंप कशाले, मॅडम? मी पंपानं कधीच तपासत नाही. लावला का हवा जाते." त्यांनी फोर्कच्या नळीवरची रबराची बारीक कडी खाली सरकवली. "पायल, बस. हळू. आता उतर." कडी तिच्या वजनाने वर सरकली होती. सरांनी खिशातून स्टीलची पट्टी काढून फोर्क किती दबला ते मोजले.

"अठरा मिलिमीटर. वीस पाहिजे होती. हवा जास्त आहे, मॅडम. कडक झाला फोर्क." त्यांनी रितिकाच्या दिशेने पाहिले. पायलने हँडल घट्ट धरले. "मी ऐंशी देलती ना? वाढवली काहून?"

मायाने आयुष्यात प्रथमच स्पष्टीकरण द्यायला नकार दिला. तिने फक्त विचारले, "किती कमी हवी, सर?"

"असन पाच. पण पिन दाबून पाच नेमकी सोडणं सोपं नाही. लोक तीस काढून बसतात. मंग इथं पुन्हा भरत बसा."

"पाच," माया म्हणाली आणि मागे वळली.

चार हात पुढे आले होते. तिने त्या हातांकडे एकेक करून पाहिले आणि पंप मधुकररावांना दिला.

"एकदाच, बाबा."

"एकतीस वर्षं टायर सेक्शनले होतो मी," मधुकरराव म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, नळीचे आटे सावकाश बसवले, काटा वाचला नाही, आणि नळी सोडवली.

फुस्स.

प्रीतम सरांनी कडी पुन्हा खाली सरकवली. पायल बसली, उतरली. पट्टी लागली. सरांनी पट्टीकडे पाहिले, मग मधुकररावांकडे.

"वीस," ते म्हणाले. "बिलकूल वीस. काका, हे कसं जमलं तुम्हाले?"

"सवय," मधुकरराव म्हणाले.

पायलने डोळे पुसले आणि डोक्यावर हेल्मेट नसतानाही हनुवटीखाली पट्टा आवळल्यासारखे केले. रितिका झाडाखालून पुढे आली. "काकू, मागच्या महिन्यात ही सायकल आमच्याकडे होती," ती मायाला हळूच म्हणाली. "तेव्हा आमच्याकडेही गळत होती. फक्त दिवसा. पप्पांनी तक्ता केला होता."

रितिकाच्या वडिलांनी मान खाली घातली. मायाला त्यांच्याविषयी एकदम खूप आपुलकी वाटली. तक्त्यात किती रकाने होते, हे ती विचारणार होती.

तेवढ्यात मागून प्रशिक म्हणाले, "सर, पण आता ऐंशीच आहे ना? एकदा लावून पाहू का?"

प्रीतम सरांनी मधुकररावांच्या हातातून पंप काढून घेतला, आपल्या पिशवीत टाकला आणि तिची चेन शेवटपर्यंत ओढली.